आखलंय तेवढंच!

"यापुढे या ऑफिसात एकही गैरसमज होणार नाही!" असं मिलिमीटरने जाहीर केलं, तो सोमवार होता. शुक्रवारी सकाळी दहा वाजता दादांची गाडी एका दिवाणखान्यात अडकून पडली होती, आणि त्या दिवाणखान्याला भिंती, छप्पर, फरशी यांपैकी काहीही नव्हतं. मधल्या चार दिवसांत जे घडलं, ते सगळं मोजूनमापून घडलं. त्यात अंदाजाने केलेली एकही गोष्ट नव्हती, हेच तर दुखणं!

मिलिमीटर हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती तीन महिन्यांपूर्वी या लहानशा आर्किटेक्ट ऑफिसात लागली, आणि पहिल्याच दिवशी तिने दादांना विचारलं, "तुम्ही 'थोडं अलीकडे' म्हणता, ते थोडं म्हणजे किती मिलिमीटर?" दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने वाऱ्याचं वजन विचारलंय. तेव्हापासून ती मिलिमीटर.

ऑफिस दोन मजली. वर ताई बसायच्या, त्या घरं कल्पायच्या. खाली त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा बसायचे, ते घरं बांधून द्यायचे. ताई म्हणायच्या, "इथे उजेड जरा रेंगाळला पाहिजे." खालून दादा ओरडायचे, "रेंगाळू दे, पण खिडकी किती बाय किती?" बहीण-भावात भांडण मुळीच नव्हतं. फक्त एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं. म्हणून दोघांच्या मधे कोणीतरी हवं होतं. मिलिमीटरचं टेबल जिन्याच्या वळणावर मांडलं गेलं, जिथे लोक दम खायला थांबतात. सात पायऱ्या वर, सात पायऱ्या खाली. तिने मोजल्या होत्या.

तिला एका गोष्टीचं फार कुतूहल होतं. लोक नकाशा पाहून "छान, छान" म्हणतात आणि भिंती उभ्या राहिल्या की डोक्याला हात लावतात. असं का? तिने गुपचूप एक प्रयोग केला. ऑफिसात येणाऱ्या अकरा माणसांना तिने एक नकाशा उलटा धरून दाखवला. नऊ जण म्हणाले, "हवेशीर आहे!" दहाव्याने विचारलं, "सही कुठे करायची?" तो कुरियरवाला होता. अकरावे दादा होते. ते म्हणाले, "सरळ धर."

निष्कर्ष स्पष्ट होता. माणसं नकाशा वाचत नाहीत, नकाशाला मान डोलावतात!

आणि नेमके शुक्रवारी अकरा वाजता दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी येणार होते. त्यांच्या घराचा हा पाचवा नकाशा; आधीचे चार त्यांनी समोर वाखाणले आणि घरी गेल्यावर बदलायला लावले होते. डॉक्टर अतिशय गोड आवाजात म्हणाले होते, "या वेळी जमलं नाही, तर आम्ही दुसरीकडे बघू हं." दात काढण्यापूर्वी ते याच आवाजात बोलत असणार. त्याच शुक्रवारी मिलिमीटरचे उमेदवारीचे तीन महिने संपत होते. दादांनी तिला सरळ सांगितलं होतं, "डॉक्टर टिकले, तर तू टिकलीस."

"ताई, आपण नकाशा दाखवायचाच नाही," मिलिमीटर म्हणाली.

"मग काय दाखवायचं?"

"घर! मागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने अख्खं घर आखू. खऱ्या मापाचं. त्यांना त्यात चालू दे, बसू दे."

ताईंचे डोळे लकाकले. "सोफा पण आख! पलंग, जेवणाचं टेबल, सगळं आख. माणसांना त्यात राहता आलं पाहिजे!"

खरं तर फक्कीशी मिलिमीटरचं जुनं नातं होतं. महिन्यापूर्वी एका साइटवर दादांनी खोदाईच्या मशीनवाल्या मामांना फोनवर "झाडाच्या थोडं अलीकडे" खोदायला सांगितलं, आणि मामांनी थोडं पलीकडे खोदलं. तेव्हा मिलिमीटरने मामांना उन्हात उभं करून अर्धा तास समजावलं होतं. अंदाज हा सगळ्या चुकांचा बाप कसा असतो, वगैरे. मग तिने नियमच छापून घेतला, जिन्यात लावला, एक प्रत मामांच्या मशीनमध्ये काचेला चिकटवली: 'फक्कीने आखलेलं असेल तेवढंच खोदायचं. तोंडी सूचना चालणार नाहीत.' खाली मामांची सही.

"म्हणजे मी विचार करायचा नाही?" मामांनी विचारलं होतं.

"अजिबात नाही!"

"लई बरं झालं," मामा म्हणाले होते.

गुरुवारी दुपारी मिलिमीटर टेप, दोरी आणि फक्कीची दोन पोती घेऊन मागे उतरली. जागेत पाण्याची टाकी होती, दादांची गाडी होती आणि जमिनीवर कोणीतरी पायाने ओढल्यासारखी फक्कीची एक वाकडीतिकडी रेघ होती. टाकीपासून ऑफिसच्या भिंतीपर्यंत. ना माप, ना सुरुवातीची खूण! ती डॉक्टरांच्या बेडरूममधून, पलंग आणि कपाटाच्या मधून जात होती. मिलिमीटरने ती चपलेने पुसून टाकली. मग चार तास खपून तिने घर आखलं. भिंती तेवीस सेंटीमीटर. दारांच्या जागी रेघ बरोबर तोडलेली. सोफा, पलंग, टेबल, अगदी कमोडसुद्धा. गाडी दिवाणखान्यात येत होती, पण आता दादांना कुठे सांगत बसा? दादा साइटवर होते. तिने त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये गाडी हलवायची चिठ्ठी ठेवली. वेळ घालून.

दादांनी आयुष्यात त्या ट्रेमध्ये हात घातलेला नव्हता. ते मोटरसायकलवाल्या कंत्राटदाराच्या मागे बसून परस्पर घरी गेले आणि जाताजाता त्यांनी मामांना फोन केला, "सकाळी ऑफिसात येऊन जा. मागे पाइप बदलायचाय, आठ दिवस बादलीनं पाणी भरतोय आम्ही. फक्कीनं आखून ठेवलंय. आखलंय तेवढं दोन फूट खोल खोद."

आखलंय तेवढं!

शुक्रवारी दहाला मिलिमीटर गुणगुणत ऑफिसात शिरली. मागून घरघर ऐकू आली. ती मागच्या दारात गेली आणि तिचं गुणगुणणं भर ओळीत तुटलं.

अख्खं घर जमिनीत गेलं होतं. सगळ्या भिंतींचे चर झाले होते. मातीचे ढीग कंपाउंडच्या कडेने ओळीने लावलेले. मधोमध दिवाणखान्याच्या बेटावर दादांची गाडी उभी, पुरात सापडलेल्या म्हशीसारखी. मामा मशीनवरून उतरून कपाळ पुसत होते.

"मामा! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? आखलंय तेवढं खोदलं," मामा अभिमानाने म्हणाले. "लई बारीक काम हो मॅडम! सकाळी सहापासून लागलोय. आतून बाहेर येत येत खोदलं. दारं सोडलीत बघा, एक दार मोडलं नाही."

"आणि तो चौकोनी खड्डा?"

"ते तुम्हाला माहीत. शेजारी दुसरा पण आहे. एकात माणूस आडवा मावतो, म्हटलं असेल काहीतरी. ते गोल मात्र हातानं खोदलं. मशीनची बकेट जाईना."

ते गोल म्हणजे कमोड होता.

मिलिमीटरचं डोकं बधिर झालं. बधिर झाल्यावर ते आकडेमोड करतं. बकेट साठ सेंटीमीटर, भिंत तेवीस. म्हणजे प्रत्येक खोली सदतीस सेंटीमीटरने लहान झाली! "तुम्हाला शंका नाही आली?"

"आली की! चांगली दोन-तीनदा आली." मामांनी मशीनच्या काचेकडे बोट केलं. "पण खाली सही आहे माझी."

एवढ्यात ताई आल्या. त्यांनी खड्ड्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा खड्ड्यांकडे पाहिलं. "सोफा मस्त आलाय," एवढंच त्या क्षीण आवाजात म्हणाल्या आणि मातीच्या ढिगावर बसल्या.

"ताई, डॉक्टरांना फोन करून उद्या बोलवू का?"

"कशाला? ते वेळेआधीच आलेत, गेटमधून आत येतायत."

डॉक्टर कडेला आले आणि सवयीने वाकून चरात डोकावले. "बरंच खोल गेलंय," ते गंभीरपणे म्हणाले.

"हे... हे आपलं घर," मिलिमीटर म्हणाली. नोकरी तर गेलीच होती. निदान प्रयोग तरी पुरा होऊ दे! "तिकडून या. हे मुख्य दार."

आणि गंमत अशी, की दारातून येण्यावाचून इलाजच नव्हता. फक्की असती, तर मंडळी भिंतींवरून खुशाल चालत सुटली असती. आता भिंत म्हणजे भिंत होती. पाय टाकला की गुडघाभर आत!

डॉक्टरीणबाई गाडीला वळसा घालून आत गेल्या. "ही बेडरूम ना? सकाळी उठले, मला पहिला चहा लागतो. स्वयंपाकघर कुठंय?" त्या निघाल्या. बोळातून, दिवाणखान्यातून, टेबलाच्या खड्ड्याला वळसा घालून. मिलिमीटर मागून पावलं मोजत होती.

"एकतीस!" ती म्हणाली.

"एकतीस? अहो, चहा घेऊन परत येईपर्यंत दुसऱ्या चहाची वेळ होईल!"

"त्या बोळातून उजेडाचा प्रवास होतो," ताई ढिगावरून कळवळून म्हणाल्या.

"उजेडाला करू दे की हो प्रवास! मला कशाला?"

तेवढ्यात पलीकडून डॉक्टरांची हाक आली. ते बाथरूमभोवती प्रदक्षिणा घालत होते. एक झाली होती, दुसरी चालू होती. "मिलिमीटर, यात शिरायचं कुठून?"

मिलिमीटर धावली. ती चारही बाजूंनी फिरली. चर सलग होता. मामांनी दार खोदलं की काय? तिने नकाशा उघडला. नकाशातही दार नव्हतं! तिसऱ्या नकाशात ते पूर्वेला होतं, चौथ्यात तिथे कपाट आलं, आणि दार जे उठलं ते पुन्हा कुठे बसलंच नाही. ताईंनी ते पाहिलं नव्हतं, दादांनी नाही, डॉक्टरांनी मान डोलावली होती, आणि खुद्द तिने काल त्या बाथरूममध्ये चार वेळा जाऊन कमोड आखला होता. भिंतीतून चालत जाऊन!

ताई कपाळाला हात लावून बसल्या. मग डॉक्टर हसायला लागले. दातांच्या डॉक्टरला इतकं तोंड उघडून हसताना कोणी पाहिलं नसेल.

"चार नकाशे पाहिले!" ते म्हणाले. "चारांनाही समोर 'उत्तम' म्हणालो मी! आणि अंघोळीला काय खिडकीतून जाणार होतो?"

ताई ताडकन उठल्या. "मामा, इथे दार काढा!"

"आखा," मामा म्हणाले.

बादलीत उरलेली फक्की घेऊन ताईंनी दाराएवढं आखलं. मामांनी दोन मिनिटांत चर बुजवला. डॉक्टर बाथरूममध्ये शिरले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरीणबाईंना चेव चढला. "स्वयंपाकघरातून बेडरूमच्या बाजूला एक दार! हा सोफा तिकडे!" ताई आखत होत्या, मामा बुजवत होते, खोदत होते. मिलिमीटर पावलं मोजत पळत होती. एकतीसवरून अकरा!

या गोंधळात दादा आले. त्यांनी आधी गाडी पाहिली. मग ते चरात उतरले आणि ताईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"ही भिंत काढलीस तर वरचा स्लॅब कशावर टेकणार?" ते म्हणाले.

"इथे बीम दिली तर?" ताई म्हणाल्या.

"दे की. उजेडही रेंगाळेल."

मधे जिना नव्हता. मिलिमीटर वही मिटून, तोंड उघडं टाकून पाहत राहिली.

साडेबाराला डॉक्टर चिखलाच्या चपलांनी गेटपाशी थांबले. "ठरलं. तुमच्याकडेच करायचं. पण पुढचं प्रत्येक काम असंच दाखवायचं हं!"

ते गेले. दादा मिलिमीटरकडे वळले.

"डॉक्टर टिकले."

"हो दादा."

"म्हणजे तूही टिकलीस. आता एक सांग. टाकीपासून भिंतीपर्यंत माझी एक रेघ होती. पाइपाची."

मिलिमीटरने मागे पाहिलं. अख्ख्या जागेत एकच पट्टा कोराकरकरीत राहिला होता. डॉक्टरांच्या बेडरूममध्ये, पलंग आणि कपाटाच्या मधे.

"तिला माप नव्हतं," ती पुटपुटली. "मी पुसली."

दादांनी कोपऱ्यातलं फावडं उचलून तिच्या हातात दिलं आणि ते हात धुवायला गेले. बादलीतल्या पाण्याने.

चार मीटर दहा सेंटीमीटर. भर दुपारी मिलिमीटरने पहिला मीटर खणला तेव्हा तिच्या तळहाताला दोन फोड आले होते. मामा मशीनच्या सावलीत पाय पसरून बसले होते.

"मामा," ती धापा टाकत म्हणाली, "मशीनने हे दोन मिनिटांचं काम आहे ना?"

"दोन कशाला? एक पुरे."

"मग करा ना!"

मामांनी सावकाश काचेवरच्या कागदाकडे पाहिलं. "आखलेलं नाही, मॅडम."

मिलिमीटरने टाच रेटून जमिनीवर सरळ रेघ ओढली. "हे घ्या!"

"फक्कीनं. तसं लिहिलंय."

ती बादलीकडे धावली. बादली रिकामी होती. तिने पोती झटकली. दोन्ही रिकामी. शेवटची चिमूट डॉक्टरांच्या सोफ्यात गेली होती.