गंज नसलेली सायकल

शहरातल्या एका रस्त्याला सायकलयुगाचे गतवैभव परत मिळवून द्यावे, असा ठराव नगरपालिकेने एकमताने मंजूर केला. त्या रस्त्यावर दुकान असलेल्या शिंपीकाकांना वैभव गेल्याचीच खबर नव्हती. ते रोज सायकलवरून येत. चालायला नकार देणारे त्यांचे गुडघे पायडलवर मात्र गुमान फिरत.

बिडाचे दिवे लागले, पाट्यांवर वळणदार अक्षरे आली आणि टोकाला खुर्ची टाकून एक निरीक्षक बसला. मोटारींना बंदी झाली. सायकलींना परवानगी, पण जुन्याच.

"काका, उतरा. ही जुनी दिसत नाही."

"वडिलांची आहे, साहेब."

"वडिलांबद्दल आदर आहे. पण रंग चकाकतोय, साखळीला तेल, गंज औषधालाही नाही."

"रोज पुसतो."

"तिथंच चुकलात."

तेवढ्यात एक तरुण कारखान्यातूनच गंजून आलेली कोरी सायकल घेऊन ऐटीत आत गेला. निरीक्षकाने त्याला उठून वाट दिली.

काका दुकानापर्यंत पाय ओढत गेले. चार दिवसांत गुडघे सुजले, दुकान दुपारी उघडू लागले, गिऱ्हाइके दुसरीकडे वळली.

"घरातलं कपाट कधी पुसलं नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि सायकल आरशासारखी. आता भोगा."

मग त्यांनीच पदर खोचला. पॉलिशपेपरने रंग खरवडला, मिठाचे पाणी शिंपडले, सायकल अंगणात उघड्यावर टाकली. काका तोंड फिरवून बसले होते.

महिन्याभराने निरीक्षकाने सायकलीभोवती प्रदक्षिणा घातली. "वा! अस्सल. ब्रेकचे रबर तेवढे नव्या काळातले आहेत, काढून टाका. मग खुशाल न्या."

"चालवायची कशी? साखळी जाम झालीय."

"मोटारीतून आणा."

"मोटारींना बंदी आहे ना?"

"टपावर जुनी सायकल असेल तर सूट आहे. सायकलसंस्कृतीला उत्तेजन नको का द्यायला?"

तेव्हापासून काकांना जावई मोटारीतून सोडतो. इतरांच्या सायकलीही तशाच, टपावर बसून येतात. मोटारींना जागा पुरेना म्हणून सायकलींची मार्गिका उखडली. त्याच वर्षी रस्त्याला आदर्श सायकलमार्गाचा पुरस्कार मिळाला.

काकांची सायकल आता टपावरून उतरली की दिवसभर दुकानाबाहेर साखळदंडाने बांधलेली असते. रविवारी लोक सहकुटुंब येतात, तिला टेकून फोटो काढतात आणि "काय दिवस होते ते!" म्हणतात.

गेल्या रविवारी तुम्हीही आला होता. तुमची मोटार नेमकी दुकानाच्या दारात लागली होती. गुडघे धरून काका बाहेरच थांबले. जावयाने हॉर्नवर हात ठेवला, तर म्हणाले, "राहू दे रे, फोटो काढताहेत."

त्या फोटोच्या कोपऱ्यात एक म्हातारा आला होता, तो तुम्ही नंतर कापून टाकलात. बरे केलेत. कडक इस्त्रीच्या शर्टात होता. जुना दिसत नव्हता.