टाकीत चव्वेचाळीसच!

खुशालरावांच्या लेकीच्या, आचलच्या लग्नासाठी केलेल्या सगळ्या कुरडया गच्चीवर पाण्यात गेल्या. पण असं काही झालंच नाही, असं त्यांच्या घरात एकमतानं ठरलं आहे. तेव्हा न झालेली गोष्ट सांगायला हरकत नाही.

खुशालरावांचा भाचा पियुष अमरावतीहून अकोल्याला आला तो दोन मायक्रोकंट्रोलर आणि एक बढाई घेऊन.

"मामा, आता मोटर बंद कराले कोणी धावाचं नाही! गच्चीवरचं डबडं पाण्याची उंची मोजते, वायरीतून खालच्या डबड्याले आकडा पाठवते. दोनशे ऐंशी सेंटिमीटर झाले का मोटर बंद!"

"अन् नाही झाली तं?" रुख्मिणीमामी म्हणाली. "वर कुरडया वाळून राहिल्या, बाप्पा. लग्न तोंडावर आहे."

"मामी, आमच्या टाकीवर महिनाभर चालवलं. थेंब नाही सांडला!"

पियुषच्या घरची टाकी कमरेएवढी. मामांच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून त्यांनी गच्चीवर तीन मीटर उंच सिमेंटची टाकी बांधलेली. नवखे पाहुणे तिला वरचा मजला समजून चपला काढतात!

मोटर सुरू झाली. मामी कुरडया उलटायला वर गेली. पियुष खाली वरबापाच्या ऐटीत आकड्यापुढे बसला. दोनशे पन्नास... दोनशे पंचावन्न... शून्य!

"शून्य?" मामांनी चष्मा पुसला. "पाणी गेलं कुठं?"

"लाट आली असंन, मामा."

आकडा पुन्हा चढला आणि चव्वेचाळीसवर बैलासारखा बसला.

"पियुष!" वरून मामी ओरडली. "टाकी वाहून राहिली!"

"नाही मामी! चव्वेचाळीसच आहे!"

"अरे, कुरडया पोहून राहिल्या!"

"पोहतीन कशा? टाकी रिकामी आहे!"

एवढ्यात जिन्यावरून पाणी आलं. पाण्यामागून एक कुरडई आली आणि आकडा वाचायला आल्यासारखी पियुषच्या पायाशी थांबली. मामांनी खटका पाडला.

भानगड एवढीच, की पियुषनं आकडा एका बाइटमध्ये पाठवला होता. त्यात दोनशे पंचावन्नच्या वर मावत नाही. पुढं मोजणी परत शून्यापासून. वर तीनशे भरले, खाली चव्वेचाळीस पोचले.

"दोन बाइट पाठवाले पाहिजे होते, मामी."

"मंग पाठवाचे ना! इकत आणा लागते काय?"

भिजलेल्या कुरडयांची कांदा-तिखट घालून भाजी झाली. अख्खी गल्ली जेवली. आचल तर म्हणाली, "दादा, लग्नातही हेच ठेवू!" मामीनं पुन्हा चीक शिजवला आणि सोऱ्या पियुषच्या हातात दिला. त्याचे खांदे अजून दुखतात, पण दोन बाइट पाठवल्यापासून मोटर वेळेवर थांबते.

मामा मात्र तहसिलीतून निवृत्त. मर्यादा म्हटली की ती अर्ज करून वाढवून मिळते, हा त्यांचा अनुभव. त्यांनी कागद ओढला:

"तरी एका बाइटची विहित मर्यादा दोनशे पंचावन्नवरून तीनशे करण्यात यावी, व सदर वाढ कुरडया वाळत घातल्याच्या आदल्या दिवसापासून लागू समजण्यात यावी, ही नम्र विनंती."