जावयाचे थंड टायर

शर्यतीची गाडी सासऱ्यांची, ती पळवायची जावयाने, आणि वळणावर घसरली तर दोष कुणाचा हे विचारायचीही सोय नव्हती. तरी सासरे शास्त्राने चालणारे. गाडी फेऱ्या मारून आली की ते प्रत्येक टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला थर्मामीटरची सुई टोचत आणि मुलीला आकडे लिहायला लावत. जी कड जास्त तापली तिच्यावर भार जास्त; मग चाकाचा कल बदलायचा.

"बाबा, पुढची चाकं वळणावर घसरतात," जावई हेल्मेट काढत म्हणाला.

"साठ, साठ, साठ. तिन्हीकडे सारखं," सासरे म्हणाले. "चाकं मी स्वतः बसवलीत. घसरताय ते तुम्ही."

उद्याच्या शर्यतीत त्या सीटवर कोण बसणार, हे आज ठरायचं होतं. मेहुणा सकाळपासूनच हातमोजे घालून उभा होता.

जावई पुन्हा गेला, जीव खाऊन गाडी पळवली, दोनदा गवतात जाऊन आला.

"पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस! जावईबापू, मी याहून गरम पाण्याने आंघोळ करतो."

मेहुण्याने सीटवर बसून पट्टे आपल्या मापाचे करायला घेतले. बायकोने नवऱ्याला बाजूला ओढलं.

"शेवटची फेरी एवढी रमतगमत का मारतोस?"

"गाडी जरा निववतो. तापलेली गाडी बाबांसमोर उभी करायची, बरं दिसतं का? मघाशी ते चिडले, म्हणून या वेळी तशा सावकाश दोन फेऱ्या मारल्या."

बायकोने कपाळावर हात मारला. सालस नवराच हवा, असा हट्ट तिनेच धरला होता.

"अरे, निवलेला टायर सगळीकडे सारखाच लागणार! आता सुसाट जा आणि थेट आत ये."

मेहुण्याला क्षणभर उतरवून जावई गेला आणि थेट आत आला. सुई टोचली. आत सत्तर, मध्ये नव्वद, बाहेर एकशे पंधरा. दुसऱ्या बाजूलाही तेच. चाकांचा कल साफ चुकला होता, आणि तो कुणी बसवला हे मघाशीच सगळ्यांनी ऐकलं होतं. मुलीने आकडे जरा मोठ्या अक्षरांत लिहिले. जावयाला उगाचच अपराध्यासारखं वाटलं.

सासऱ्यांनी सुई रुमालाने पुसून उजेडात धरली.

"बिघडलंय हे," ते म्हणाले.

"मग उद्या मी बसू ना, बाबा?" मेहुण्याने विचारलं.

"तू तो पाना दे इकडे."

आणि दुसरं काही काम नसल्यासारखे ते चाकांचा कल सुधारायला बसले. कुणाला तरी बदलल्याशिवाय गाडी सुधारली, असं त्यांच्या घरात चालत नसे. त्यांनी थर्मामीटर बदललं.