डावी चप्पल अनामत

आमचा कॉम्प्युटर-मॅनेजर एकदा एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा थाटात कँटीनला जेवायला आला. इतर खात्यांतल्या लोकांचे घास हातात राहिले. आमच्या खात्यातल्या कुणी मान वर केली नाही. साहेबांचा डावा बूट भालेरावांच्या टेबलाखाली आहे, एवढाच आमच्या लेखी त्याचा अर्थ होता.

भालेराव अनामत म्हणून डाव्या पायातलं ठेवून घेत. कॉम्प्युटरच्या थंड खोलीत अनवाणी जायची सक्ती होती. त्यामुळे सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, आणि दाराशीच भालेरावांचं टेबल. त्यांच्याकडून काही न्यायचं तर डावी चप्पल टेबलाखाली सरकवायची. "उजवी असू द्या, घरी जायला लागेल," असं वर म्हणायचे.

न्यायचे ते प्रोग्रामचे तुकडे. ही पिंपरीतली, सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या जाड कार्डांवर असायचा, एका कार्डावर एक ओळ. भालेरावांनी टूलरूममधल्या फिटरकडून पत्र्याचा खणाखणांचा डबा करून घेतला होता. त्याला ते मिसळणाचा डबा म्हणत. एका खणात तारीख खरी की खोटी ते तपासणारा तुकडा, दुसऱ्यात सुट्या भागांचे नंबर पारखणारा, तिसऱ्यात पानाच्या डोक्यावर नीटस मथळा छापणारा. प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या कार्डावर लिहिणाऱ्याचं नाव. कुणी कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहायला बसलं, की भालेराव मागून येऊन त्याच्या हातातली पेन्सिलच काढून घेत.

"मोहरी-जिरं घरोघरी तेच, राव. ते इथून न्या. आमटी तेवढी तुमची करा."

गंमत अशी, की त्या डब्यात खुद्द भालेरावांच्या नावाचा एकही तुकडा नव्हता. यावर कँटीनमध्ये सगळ्यात जास्त तोंड सोडणारा मी. मोहरी लोकांची, जिरं लोकांचं, यांचा नुसता डबा, असं मी म्हणायचो, आणि लोक हसले की पुन्हा म्हणायचो. मला तो अधिकार आहे असं वाटायचं, कारण डब्यातला सगळ्यात खपाचा तुकडा माझा होता: दोन तारखांमध्ये किती दिवस गेले ते काढणारा. भोसरीच्या एका कारखान्यातला प्रोग्रामर खास त्यासाठी बसने आला आणि 'यातले पेंडसे कोण?' म्हणून विचारू लागला, तेव्हा मी त्याला चहा पाजून अर्धा तास प्रतिभा या विषयावर बोललो. भालेराव शेजारीच बसले होते. "ऐकून घ्या नीट," एवढंच त्याला म्हणाले. बिचारा एका चपलेवर भोसरीला परत गेला.

एका दुपारी मला माझाच तुकडा लागला. पायात कोऱ्या करकरीत कोल्हापुरी, आणि स्वतःच्या मालासाठी अनामत कसली ठेवायची? भालेराव जेवायला गेल्याचं पाहून, खण शोधत बसायला नको म्हणून मी अख्खा डबाच उचलला आणि जिना चढू लागलो. नव्या कोल्हापुरीला जिना पसंत पडला नाही. मी घसरलो, पण डबा माझ्या आधी खाली पोचला.

सहा वर्षांचा साठा पायऱ्यांवर पसरला. एक कार्ड इकडचं तिकडे झालं तरी तुकडा निकामी होतो, आणि निम्म्या तुकड्यांचे मालक नोकरी सोडून गेलेले. पुन्हा लिहून देणार कोण? तेवढ्यात हात पुसत भालेराव आले. माझ्याकडे पाहिलं, कार्डांकडे पाहिलं, आणि खालच्या पायरीवर बसले.

"बसा, राव. रेघा जुळवू."

प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर त्यांनी वेगळ्या रंगाची तिरपी रेघ मारून ठेवली होती. कार्डं क्रमाने लागली की रेघ अखंड दिसायची. जेवणाची सुट्टी संपली, चहाची आली नि गेली, आम्ही रेघा जोडत होतो. शेवटी हिरव्या रेघेचा माझा गठ्ठा जुळला आणि मी बघतच राहिलो. आमच्याकडे मूळ कार्डं पांढरी आणि दुरुस्तीची गुलाबी. माझ्या सव्वीस कार्डांत पांढरी चार. त्यातलं एक माझ्या नावाचं.

"लीप वर्षात तुमचा एक दिवस हरवत होता," भालेराव म्हणाले. "तो शोधताना म्हटलं, बाकीचेही बघून घेऊ."

मग नाव माझं कशाला ठेवलं, मी विचारलं. गठ्ठ्याला रबर लावता लावता त्यांनी आपल्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली, हसत हसतच. मुंबईचं ऑफिस. हे शेजारून गेले की टेबलावरचा माणूस आपला कागद पालथा घालायचा.

"वर्षभर मी कागदांची नुसती पाठ वाचली, राव. इथं आल्यावर हा डबा मांडला. महिनाभर रिकामाच. तुम्ही नवीन, ओळख ना पाळख, आणि आपणहून येऊन तुकडा टाकून गेलात. डब्यातला पहिला. त्यावर दुसऱ्याचं नाव कसं घालू?"

मी खाली मान घालून कार्डं सारखी करू लागलो. खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी माझा प्रोग्राम काही केल्या चालत नव्हता. वैतागून कार्डं फेकायला निघालो, तर दाराशी पत्र्याचा रिकामा डबा दिसला. मला तो कचऱ्याचा वाटला. हे मी भालेरावांना अजून सांगितलेलं नाही.

विषय बदलायचा म्हणून विचारलं, मग लोकांच्या चपला का ठेवून घेता?

"कार्डं सगळेच परत करतात हो. पण शिपायाच्या हाती. चप्पल असली की स्वतः यावं लागतं." डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "आला की माणूस दोन मिनिटं बसतो."

त्या संध्याकाळी मी डब्यातून काहीही नेलं नाही. तरी निघताना डावी कोल्हापुरी त्यांच्या टेबलाखाली सरकवली आणि पिंपळे गुरवची बस धरली. कंडक्टरने माझ्या पायांकडे दोनदा पाहिलं.

"एक हरवली वाटतं, भाऊ?"

"नाही," मी म्हटलं, "ठेवून आलोय."