लाल फडक्याचा बांबू

प्राध्यापिका रंजिताबाईंनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं!

"समितीपुढे नुसते कागद वाचायचे नाहीत," त्यांनी जाहीर केलं. "मंच उभारायचा, समितीला वर बसवायचं आणि तिच्या डोळ्यांदेखत खालचा एक बांबू काढून दाखवायचा. मंच जागचा हलणार नाही. मान्यता आपल्या खिशात!"

रंजिताबाई शहापूरच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायच्या. चार-सहा बँका मिळून एखाद्या बड्या कंपनीला कर्ज देतात. त्यातली एक बँक मध्येच अंग काढून घेते. मग बाकीचा डोलारा टिकतो की आडवा होतो? यावर त्यांना पीएच.डी. करायची होती. पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, लेक बालवाडीत. मुंबईला खेपा घालणार कधी? विद्यापीठाच्या समितीने कॉलेजच्या स्वतःच्या संशोधन केंद्राला मान्यता दिली तरच त्यांचं घोडं गंगेत न्हाणार होतं.

गणिताचे शामसर खर्डीचे. शुद्ध गणिताचा माणूस! 'याचा उपयोग काय' असं कुणी विचारलं की त्यांना शिवी दिल्यासारखं वाटायचं. जाळ्यातला कुठला दुवा काढला तरी जाळं शाबूत राहतं, यावर त्यांचं एक प्रमेय होतं. मुरबाडचा आदेश इमारतींच्या सांगाड्यांचा इंजिनिअर, आणि तो हेच बांबूवर तपासून बघत होता. चहाच्या टपरीवर बोलता बोलता तिघांचा प्रश्न एकच निघाला. मग काय, शोधनिबंधही एकच झाला!

आदेशने कॉलेजच्या मैदानात गुडघाभर उंचीचा मंच बांधला. खबरदारी म्हणून खाली भाताचा पेंढा दाबून भरला. डाव्या बाजूचा मधला बांबू जादाचा, तोच काढायचा. ऐन वेळी घोटाळा नको म्हणून त्याने त्या बांबूला लाल फडकं बांधलं, आणि तिघेही निर्धास्त घरी गेले.

सकाळी येऊन बघतात तर त्या बांबूला हळदकुंकू, आंब्याचे डहाळे, समोर फोडलेला नारळ आणि हात जोडून उभ्या असलेल्या जनाबाई! या कॉलेजच्या मावशी. कॉलेजातली घंटा त्यांची, चहा त्यांचा आणि शिस्तही त्यांचीच.

"मावशी, हे काय केलंत?" रंजिताबाई किंचाळल्या.

"काय म्हंजे? लाल फडका बांधून मेढ उभी केलीत नि पूजा करायची इसरलात! मी केली. एवढी शिकलेली माणसा, पन रीत ठावं नाय!"

"अहो, ती मुहूर्तमेढ नाही! तो बांबू काढायचाय!"

जनाबाईंनी पदर खोचला. "कार्य उरकल्याबिगर मेढ काढायची? कुनाच्या घरी काढतात गो? बघतेच कोन हात लावतो ते!"

कुणीच लावला नाही. प्राचार्यांनी तर लांबूनच नमस्कार केला.

तेवढ्यात समितीची गाडी फाटकातून आत आली. रंजिताबाई शामसरांकडे धावल्या. "शामसर, आता हो?"

"उजवा काढा," शामसर शांतपणे म्हणाले. "डावीकडे जसा आहे तसाच उजवीकडे आहे. गणिताला डावं-उजवं नसतं."

आदेशने मान खाजवली. "वजन मात्र दोन्हीकडे सारखं पाहिजे हां, सर."

"समिती मधोमध बसणार आहे. अजून काय पाहिजे?"

समिती मधोमध बसली खरी. अध्यक्ष निशिगंधाबाई, कडक इस्त्रीची साडी नि त्याहून कडक चेहरा. पण मंच आहे, पाहुणे आहेत आणि सत्कार नाही, असं शहापुरात कधी झालंय? सरपंच शाल घेऊन वर चढले. ते चढले म्हणून उपसरपंच चढले. पोलीस पाटील खाली राहिले तर वर्षभर अबोला! त्यांच्यामागून सापगावचे निवृत्त हेडमास्तर. यजमानांच्या खुर्च्या मांडल्या होत्या उजवीकडे. सगळे ओळीने तिकडेच बसले, आणि चौघांमध्ये हडकुळा असा एकही नव्हता!

रंजिताबाईंनी आदेशला डोळ्यांनी खुणावलं, 'थांब!' आदेशला वाटलं, 'काढ!' त्याने उजवा बांबू सोडवून ओढून काढला.

मंच हलला नाही! टाळ्या पडल्या. शामसरांनी मान अशी तुकवली, जणू प्रमेय आत्ताच सुचलं होतं. रंजिताबाईंचा जीव भांड्यात पडला.

"कुठला रं काढलास?" सरपंचांनी विचारलं, आणि बघायला उजवीकडे वाकले. ते वाकले म्हणून उपसरपंच वाकले. पाटील वाकले. हेडमास्तर तर चष्मा पुसून वाकले.

करर्रर्र!

रुसलेल्या म्हशीसारखा मंच हळूहळू उजव्या अंगावर बसला. अख्खी ग्रामपंचायत शाली-श्रीफळांसकट पेंढ्यात गेली, आणि त्यांच्यामागून घरंगळत समिती! कुणाला खरचटलंही नाही. पण पेंढ्यातून निशिगंधाबाईंचा फक्त चेहरा वर दिसत होता, आणि त्यावर हसू नव्हतं.

"कुणाचं हे संशोधन?"

शामसर आकाशाकडे बघू लागले. आदेश हातातला बांबू पाठीमागे लपवू लागला. रंजिताबाईंना रडूच फुटणार होतं. गेली पीएच.डी.! पण त्या उताराकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं, आणि त्या भीती विसरून बोलू लागल्या.

"मॅडम, आमचं चुकलं! आम्ही नुसते आधार मोजले. एक वाकला की सगळे त्याच बाजूला वाकतात, हे धरलंच नाही! बँकांचंही हेच होतं. एकीने अंग काढलं म्हणून डोलारा पडत नाही. ते बघायला बाकीच्या सगळ्या एकदम एकीकडे कलतात, म्हणून पडतो! हे आमच्या निबंधात कुठेच नाही!"

निशिगंधाबाईंनी केसांतली काडी काढली.

"माझ्या इतक्या वर्षांत," त्या म्हणाल्या, "आमचं चुकलं, असं समितीला सांगणारं केंद्र मी पहिल्यांदाच बघतेय. खरा प्रश्न तुम्हाला आत्ता सापडलाय. त्यावरच पीएच.डी. करा, इथेच करा. केंद्राला मान्यता!"

मग काय विचारता! रंजिताबाईंनी जनाबाईंना मिठी मारली. शामसर आदेशला घेऊन गरागरा फिरले. सरपंचांनी पेंढ्यात बसूनच घोषणा दिल्या. प्राचार्य पेढे आणायला स्वतः पळाले. मैदानभर नुसता जल्लोष!

"अहो, मान्यता दिली ना!" पेंढ्यातून आवाज आला. "आता तरी मला कुणीतरी उठवा!"