यशयाचा उजेड सोनईला निघाला

"उजेडाचं मुख्य काम देवानं पहिल्याच दिवशी उरकलं. मागं राहिलेली किरकोळ दुरुस्ती तेवढी माझ्याकडं सोपवलीय!" असं राहुरीचा यशया छाती काढून सांगायचा. आणि मंडळी, त्याला ते शोभतही असे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा हा गडी बघता बघता बॅटऱ्यांच्या नादी लागला. बाजारातली साधी बॅटरी आणायची, तिचं पोट फाडायचं, आत ट्रकच्या दिव्याचा आरसा, मोडक्या लॅपटॉपचे सेल आणि मूठभर एलईडी कोंबायचे, की झाली यशया-छाप बॅटरी! उसात बिबट्यांची वर्दळ, त्यामुळे गिऱ्हाईक तुटून पडायचं. एकानं म्हणे बांधावरून बिबट्याच्या तोंडावर झोत टाकला, तर बिबट्या पुढचे दोन्ही पंजे डोळ्यांवर धरून चाचपडत घरी गेला. मी काही पाहिलं नाही. पण ज्यानं पाहिलं त्याला अजून नीट दिसत नाही, म्हणजे खरंच असणार!

धंद्यापर्यंत सगळं ठीक होतं. पण यशयाच्या डोक्यात एक किडा शिरला. उजेड जातो कुठवर? दगड मारला तर तो पडलेला दिसतो, हाक मारली तर कोणीतरी ओ देतं. उजेड मात्र एकदा हातातून सुटला की गेला! थांबतो कुठं? दमतो का? जेवता जेवता यशया घास हातात धरून विचार करत बसे आणि मग उठून आणखी मोठी बॅटरी करायला घेई.

आता बॅटरी जेवढी मोठी, तेवढी तापते. तापलेली उष्णता बाहेर काढायला ॲल्युमिनियमचं जाड भांडं लागतं. आणि भांडी कुठं असतात? बायकोच्या मांडणीवर! पहिल्यांदा इडलीपात्र गेलं. मग कढई गेली. एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब जेवायला यायचे होते, मटण धुऊन तयार होतं, आणि हन्नाला मोठा कुकर सापडेना. सापडला तेव्हा तो दुकानात शिकंज्यात आवळलेला होता.

"अहो! कुकरला भोकं?"

"हवा खेळायला नको का आत?"

"आणि मटण कशात शिजवू?"

"आजच्या दिवस वरणावर भागव की."

मंडळी, ह्या वाक्यावर जगातली कुठलीही बायको जे करील तेच हन्नानं केलं. पाळकसाहेबांना शेजारणीकडं जेवायला बसवलं, कुकरचं झाकण तेवढं पिशवीत घातलं आणि सोनईला आईकडं निघून गेली.

चार-पाच दिवस हॉटेलातली मिसळ खाऊन यशयाच्या पोटानं बंड पुकारलं, तेव्हा त्यानं फोन लावला. फोन उचलला सासूनं. गोजरबाई म्हणजे तोंडाची अशी फटकळ, की भाजीवाला तिच्या दारात येण्याआधीच भाव कमी करून ओरडे.

"जावईबापू, माझी लेक संसारात दिली हुती, भंगारात न्हाई!"

इथं 'चुकलो' म्हटलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण यशयाला 'भंगार' हा शब्द लागला.

"भंगार? आत्याबाई, वांबोरीच्या डोंगरावरून तुमच्या सोनईच्या अंगणात उजेड पाडून दाखवतो!"

मग गोजरबाई म्हणाल्या, "पाड. पर मिणमिणता नगं. त्या उजेडात मला डाळीतलं खडं दिसलं पायजेत. दिसलं तर लेक धाडते. न्हाई दिसलं, तर ह्यो बॅटऱ्यांचा धंदा बंद, आन् गुमान मोटारी भरायच्या. हाय कबूल?"

"हाय!" यशया म्हणाला. फोन ठेवला आणि मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वांबोरीहून सोनईला निघालेला कावळासुद्धा वाटेत दोनदा बसून जातो!

शनिवारी दिवेलागणीला यशया आणि त्याचा पिकअपवाला दोस्त गोरक्ष डोंगरावर पोचले. ती बॅटरी कसली, तोफच होती! पुढं हाताभर आरसा, मागं भोकाभोकांचा कुकर, त्यात फरफरणारा पंखा. उचलायला दोघं लागले. आभाळ ढगांनी गच्च भरलेलं. यशयानं फोन लावून गोरक्षच्या हातात धरायला दिला.

"हन्ना, बसला का अंगणात?"

"बसलोय. आईच्या मांडीवर डाळ घेतलेलं सूप आहे. लावा लवकर, डास चावतायत."

यशयानं मनातल्या मनात प्रार्थना केली आणि बटण दाबलं.

काय सांगू तो उजेड! झाडावर नुकतेच टेकलेले बगळे सकाळ झाली म्हणून उठले, एक फेरी मारून आले आणि एकमेकांकडं संशयानं बघू लागले. खाली कोणाच्या तरी खुराड्यातला कोंबडा आरवला, तो दचकून मध्येच थांबला.

"आला का?" यशया ओरडला.

"नाही."

यशयानं तोंड जरा वर केलं, बॅटरीचं. "आता?"

"नाही हो."

आणखी वर. जरा डावीकडं. जरा उजवीकडं. यशयाची नजर सोनईच्या दिव्यांवर खिळलेली. गोरक्ष मात्र मान वर करून बघत होता.

"यश्या, वर ढगात कायतरी पांढरं फिरतंय रं. खळ्याएवढं हाय!"

"तू वर कशाला बघतो? सोनई खाली हाय!"

आता त्या दिवसांत गावोगावी एक आवई उठलेली होती. चोर म्हणे आधी आकाशात ड्रोन फिरवतात, घरं हेरतात आणि मग दरोडा घालतात. माणसं जेवतानाही एक डोळा आभाळाकडं ठेवायची. फोनमधून अचानक कुत्री भुंकायला लागली. मग थाळ्या बडवल्याचा आवाज आला. मग कोणीतरी बोंबललं.

"हन्ना! काय झालं?"

"अहो, गल्लीत काहीतरी गडबड..." आणि तिचा आवाज बुडवून गोजरबाईंची आरोळी आली, "आला! आला गं बाई उजेड! सूप पांढरंफेक दिसतंया! ह्यो बघ खडा! ह्यो आनिक एक!"

यशयानं गोरक्षला मिठी मारली. गोरक्षनं फोन सोडला. एवढ्यात कुकरच्या भोकांतून धूर निघाला, आणि शिट्टी नसतानाही त्या कुकरनं शेवटची शिट्टी मारून प्राण सोडला. यशयाला त्याचं काही वाटलं नाही. उजेड सोनईला पोचला होता!

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून, यशया पिकअप घेऊन सोनईला गेला. गोजरबाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. "लई भारी उजेड, जावईबापू!" यशया फुगला. तेवढ्यात शेजारचा सूर्यभान आणि मागोमाग अर्धी गल्ली अंगणात शिरली.

"दाजी, तुमचं उपकार हायेत बगा!"

"अरे, उपकार कसले!" यशया म्हणाला.

"असं कसं! काल वांबोरीच्या डोंगराकडून ड्रोन आलं हुतं. ढगात पांढरंफटक, हिकडून तिकडं! मग आमी सगळ्यांनी, तुमी इकलेल्या बॅटऱ्या हायेत ना, त्या भायेर काढल्या आन् वर धरल्या. गल्लीत दिवस उगवला, दाजी! आत्याबाईंच्या अंगणात तर मुंगी दिसत हुती! तवा कुठं ड्रोन इझलं आन् पळालं."

यशयानं पेला खाली ठेवला. ढगातलं पांढरं. डोंगराकडून. विझलं. सगळा हिशेब जुळला. सोनईच्या अंगणात पडलेला उजेड सोनईचाच होता!

"आता त्ये परत ईल," सूर्यभान म्हणाला. "तर दर शनिवारी गस्त घालायची ठरलीय. फुडारी तुमी. ड्रोनाची खोड तुमाला म्हाईत!"

"मला? मला कशी माहीत असणार?" यशया मनात तोलू लागला. खरं सांगावं, तर पैज गेली, धंदा गेला आणि हन्ना राहिली इथंच. गप्प बसावं, तर दर शनिवारी काठी घेऊन स्वतःलाच शोधायचं! तेवढ्यात हन्नानं बॅग त्याच्या हातात कोंबली. "चला, उशीर होतोय."

गाव मागं पडेपर्यंत यशयानं तीनदा गियर चुकीचा टाकला. शेवटी रस्त्याच्या कडेला पिकअप थांबवून तो म्हणाला, "हन्ना, कालचा उजेड माझा नव्हता. म्हणजे बॅटऱ्या माझ्याच, पण उजेड... वळवू का गाडी?"

"माहीत आहे मला."

"आणि आत्याबाईंना?"

"तिलाही."

"पण त्यांना खडे दिसले!"

"कुठले खडे? पुड्यातली निवडलेली डाळ होती ती!"

"मग त्या 'आला, आला' म्हणून ओरडल्या कशाला?"

हन्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गेल्यापासून मी तिच्या चहातली साखर बंद केली होती आणि मिश्रीची डबी लपवून ठेवली होती. काल दुपारीच म्हणाली मला, 'जावयानं तिकडं नुसती काडी वढली तरी मी उजेड आला म्हनीन, पर तू जा बाई आता तुझ्या घरी!'"