चौघांचं एक कुटुंब, बाकीचे लिंबाखाली

कुटुंब हा समाजाचा पाया आहे, आणि पाया म्हटला की तो मोजूनमापून घालावा लागतो, हे सत्य सोलापुरात एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालापर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोक आपले घरात जेवढी डोकी असतील तेवढ्यांना कुटुंब म्हणून मोकळे होत. ही ढिलाई भुईकोट किल्ल्यात भरलेल्या ‘सहकुटुंब कला व खाद्य महोत्सवा’ने एका दिवसात मोडून काढली.

महोत्सव समितीचे चिटणीस महादेवप्पा हे सुताचे व्यापारी. किल्ल्याच्या बागेत एकटे पुरुष विड्या ओढत तासन्‌तास बसतात आणि वातावरण बिघडवतात, हे त्यांनी स्वतः एकट्यानं तासन्‌तास बसून पाहिलं होतं. म्हणून पहिला ठराव झाला, की प्रवेश फक्त कुटुंबास. मग कुटुंब म्हणजे काय, यावर पाच बैठका झाल्या (चहा एकशे चाळीस कप, निष्पन्न शून्य). सहाव्या बैठकीत कुणीतरी खिडकीतून समोरच्या दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दाखवला आणि व्याख्या सापडली: एक पुरुष, एक स्त्री, दोन मुले. तशी कार्डं छापली. कार्डावर ‘परस्पर नाते’ असाही रकाना होता; पण ‘भिंतीवर थुंकू नये’ ही सूचना मावेना, म्हणून तो गाळला. किल्ल्याच्या भिंती राहिल्या पाहिजेत, नात्यांचं काय, ती होतच राहतात, यावर एकमत झालं.

दरवाज्यावर गुरप्पाला उभं केलं. गुरप्पा हा त्या बागेचा राखणदार, नऊ वर्षं रोजंदारीवर. त्याला नोकरीत कायम करण्याचा कागद तयार होता, फक्त पुण्याहून प्रमुख पाहुणे म्हणून येणाऱ्या साहेबांची सही बाकी होती. महादेवप्पांनी तो कागद त्याला लांबून दाखवला आणि सांगितलं, “एक जरी बिनकुटुंबाचा माणूस आत शिरला गुरप्पा, तर हा कागद फाडला म्हणून समज.”

गुरप्पा खरा माणूस. त्यानं नियम पहिल्यांदा स्वतःच्याच घराला लावला. तो, बायको गौरम्मा आणि थोरली दोन पोरं, झालं एक कुटुंब. उरल्या धाकट्या दोन मुली आणि म्हातारी आई बसव्वा. आता या बसव्वाला त्यानं महिनाभर आधी कबूल केलं होतं, की आत खुर्चीवर बसवून हुग्गी खायला घालीन. उभ्या जन्मात तिनं ती गव्हाची खीर शेकड्यांनी माणसांना वाढली होती. दुसऱ्यानं वाढलेली बसून खाल्ली, असं तिला काही आठवत नव्हतं. आज ठेवणीतलं इरकल नेसून ती आली होती.

“अव्वा, जरा त्या लिंबाखाली बस की,” गुरप्पा म्हणाला. “मेळ बसला की बोलावतो.”

बसव्वानं कार्डाकडे पाहिलं. “मग मी कुनाच्यातली रं?”

कार्डावर तसा रकानाच नव्हता. मान खाली घालून गुरप्पानं पुढच्याला हाक मारली.

दहा वाजेपर्यंत उघड झालं, की सोलापुरात कुटुंबं जवळजवळ नाहीतच. अकराजण आले, म्हणजे दोन कुटुंबं आणि तीन शिल्लक. नऊजण आले, म्हणजे दोन कुटुंबं आणि एक चुलती. शिल्लक माल लिंबाखाली. तिथं गर्दी वाढली तशी गुरप्पानं डोकं चालवलं: एकाची शिल्लक दुसऱ्याच्या शिलकीला जोडायची. अक्कलकोटची एक विधवा आणि जेऊरचे एक निवृत्त मास्तर अशा रीतीनं एका कार्डावर आत गेले आणि भज्यांच्या रांगेतच त्यांचं पहिलं भांडण झालं (म्हणजे कार्ड बरोबर होतं).

खरी पंचाईत झाली ती कलाकारांची. धुळा धनगराचं गजीनृत्याचं पथक आलं: पुरुष बावीस, ढोल दोन, स्त्री शून्य. दुधनीहून भाकरी थापणाऱ्या बायका आल्या: नऊ, पुरुष शून्य. गुरप्पानं नवास नऊ जोडून आत सोडले. उरलेले तेरा लिंबाखाली, आणि ढोल नेमके त्यांच्याचकडे. तेव्हा बाहेरच्यांनी ढोल वाजवला आणि आतल्यांनी तटापलीकडून येईल त्या तालावर पावलं टाकली. प्रेक्षकांना ते फार आधुनिक वाटलं.

दर कार्डाला दोन मुलं लागत, त्यामुळे या सगळ्यात मुलांचा तुटवडा पडला. मुलं एका कार्डावर आत जात, पडक्या तटातून बाहेर येत आणि पुन्हा लिंबाखाली हजर होत. गुरप्पाच्या उरलेल्या दोन मुलींतली मोठी, आठ वर्षांची सावित्रम्मा दुपारपर्यंत अकरा कुटुंबांची लेक झाली होती आणि अकरा वाट्या हुग्गी तिच्या पोटात होती. समितीच्या नोंदीप्रमाणे पाचपर्यंत दोनशे सत्त्याण्णव कुटुंबं आणि पाचशे चौऱ्याण्णव मुलं आत गेली (प्रत्यक्षात मुलं अठ्ठ्याऐंशी). बसव्वाचा मात्र मेळ कुठंच बसेना. म्हातारीला घ्यायला कुणीच राजी नव्हतं. ती लिंबाखाली पदरानं वारा घेत बसून राहिली.

सव्वापाचला साहेबांची जीप आली. साहेब एकटेच उतरले. (मॅडम हवापालटासाठी माहेरी गेल्या होत्या. त्याला तीन वर्षं झाली होती.)

गुरप्पा कार्डांचा गठ्ठा घेऊन पुढे झाला. आत सोडावं तर नियम मोडतो आणि कागद फाटतो. अडवावं तर सही कोण करणार? इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं लिंबाकडे पाहिलं. ढोलवाले तेराजण कंटाळून कधीच घरी गेले होते; तिथं आता तिघीच होत्या: बसव्वा, सावित्रम्मा आणि धाकटी. एक स्त्री, दोन मुलं. त्यानं कार्ड क्रमांक दोनशे अठ्ठ्याण्णव लिहिलं.

“साहेब, नेम हाय,” तो हात जोडून म्हणाला. “ही तुमची मानसं.”

धाकटीनं साहेबांचं बोट धरलं आणि चौघं आत गेले.

आत ‘आदर्श कुटुंब’ स्पर्धा चालू होती. भजी कुणी जास्त खाल्ली यावरून खऱ्या कुटुंबांची गाडी एकमेकांच्या माहेरापर्यंत गेली होती. क्रमांक दोनशे अठ्ठ्याण्णवमध्ये मात्र साहेबांनी म्हातारीला खुर्ची दिली, स्वतः उठून तिच्या ताटात हुग्गी वाढली, आणि ती म्हणाली, “तू बी खा की लेका, लई वाळलास.” साहेबांनी चष्मा पुसला. परीक्षकांनी शंभरपैकी शंभर दिले. चौघांचा फोटो निघाला, एक चादर बक्षीस मिळाली आणि साहेबांनी त्याच आनंदात गुरप्पाच्या कागदावर सही ठोकली.

गुरप्पा कागद घेऊन धावत आला. “अव्वा, कायम झालो! चल घरी.”

बसव्वानं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. “तुजं कुटुंब घिऊन तू हो म्होरं,” ती म्हणाली. “मी बसते हितं जरा. खुर्ची हाय तवर.”

तो फोटो समितीच्या कचेरीत लागला, आणि दर सोमवारी तो पुसणं हे गुरप्पाचं कायम काम झालं. खाली ‘आदर्श कुटुंब’ असं लिहिलेलं आहे. आपली आई दुसऱ्याच्या कुटुंबात एवढी हसताना बघून त्याचा हात काचेवर थांबतो, मग तो उरलेली काच पुसतो.

गुरप्पाला हसायला हरकत नाही. फक्त हसून झालं की आपल्या बैठकीतला फोटो एकदा बघून या. चौघंच आहेत ना? मग तो काढताना पाचव्या माणसाला कुठल्या लिंबाखाली बसवलं होतं, तेवढं आठवून ठेवा. कारण पुढच्या फोटोच्या वेळी मोजणारी तुमचीच पोरं असतील.